आईने वाचलेला बोर्ड

१२ जानेवारी

बारक्या,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुझा नंबर लावला की एक बाई गोड आवाजात सांगते, समोरची व्यक्ती व्यस्त आहे. ती समोरची व्यक्ती माझा धाकटा भाऊ आहे आणि त्याला नाक शिंकरायला मी शिकवलंय, हे तिला कुठे माहीत! पत्र तुला असं कापता येणार नाही. फाडशील, पण आधी वाचशील. घरात आलेलं दुसऱ्याचं पत्रसुद्धा तू कधी सोडलं नाहीस.

बाहेर चर्चचे लोक तुला पाळकसाहेब म्हणतात. म्हणू देत. दारातून वाकून आत यावं लागतं एवढा तू वाढलास, तरी माझ्यासाठी बारक्याच.

खुशाली अशी, की आई बरी आहे असं आई म्हणते. काल तिने दुधाची शेगडी सोडून शेजारची, न पेटवलेली शेगडी बंद केली. दूध उतू गेलं, पातेलं करपलं. वास आला तशी मी दुकानातून धावत वर गेले, तर ती फडकं घेऊन कोरडी फरशी पुसत होती. दूध हातभर पलीकडे सांडलेलं. आज सकाळी न्हाणीच्या दारावर कपाळ आपटलं आणि "दार असं अर्धवट कोणी ठेवलं?" म्हणून माझ्यावरच ओरडली. ते दार फुगलेलं आहे, आपल्या लहानपणापासून अर्धवटच लागतं.

तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तू विसरल्यासारखा वागतोस. आईचा डावा डोळा ती शाळेत असतानाच गेला. उरला उजवा. त्यात मोतीबिंदू इतका पिकलाय की तिला उजेड कळतो, खिडकी कुठे आहे ते कळतं, समोर कोणी हललं तर कळतं. बस्स. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली होती. त्या दिवशी आई केस विंचरून, चांगले कपडे घालून खुर्चीत बसली होती. मला वाटलं, निघालो. तर म्हणते, "बऱ्या झालेल्या डोळ्याचं कसलं गं ऑपरेशन? सगळ्या मंडळीसमोर साक्ष दिलीये मी." बोलावलेली गाडी मी परत पाठवली. गाडीवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आजारी आहे.

आणि तू? बाबांच्या दुकानातला डोळे तपासायचा बोर्ड काखेत मारून गावोगाव फिरतोयस. माझ्या आईने पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला तो हाच, म्हणून लोकांना दाखवतोस. लोक रडतात म्हणे. बोर्डाला हात लावून बघतात म्हणे. इथे मी गिऱ्हाइकांना औषधवाल्याचं कॅलेंडर वाचायला लावते. परवा एकजण म्हणाला, "बाई, मला चष्मा हवाय, सुट्ट्या नकोत."

एकच काम कर. आईला फोन कर आणि सांग, ऑपरेशन करून घे. प्रभूची कृपा आहेच पण ऑपरेशनही कर, असं काय तुम्हा लोकांच्या भाषेत म्हणायचं असेल ते म्हण. तुझं ती ऐकेल. माझं ऐकायला मी थोडीच पाळक आहे.

त्या रविवारी काय झालं ते तुला माहीत आहे आणि मलाही. जास्त लिहायला लावू नकोस.

ताई


१ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. मंडळीच्या छापील कागदावर, वर कबुतराचं चित्र, खाली लफ्फेदार सही. सख्ख्या बहिणीला! "ताई, तुझ्या डळमळत्या विश्वासासाठी मी रोज प्रार्थना करतो. खूण समोर असून ती न दिसणं हेच खरं आंधळेपण." वाक्य चांगलं आहे, उपदेशात वापर. मी ते काउंटरवर उभ्याउभ्या वाचलं आणि हातातल्या काचेला चरा पाडला. ती काच आता नवीन कापायची.

मी सारखी उठते आहे हे पत्र लिहिताना. वर काही वाजलं की उठते. काही वाजलं नाही की जास्तच उठते. हे वाक्य लिहून दोनदा जिना चढून आले. पहिल्यांदा ती झोपली होती. दुसऱ्यांदा झोपेचं सोंग घेतलं होतं.

चल, स्पष्टच बोलते. आईला तो बोर्ड पाठ आहे. तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. दुकानात भिंतीला लागून बाक होता, वाट बघणारं गिऱ्हाईक त्यावर बसायचं. आत खुर्चीत बसलेला मोठ्याने अक्षरं वाचायचा आणि बाकावरच्यांची ती ऐकूनच पाठ व्हायची. मग त्यांची पाळी आली की पोपटासारखी घडाघडा म्हणायचे, आणि घरी जाऊन नव्या चष्म्याने काही दिसत नाही म्हणून भांडायला यायचे. म्हणून तर बाबांनी बोर्डाच्या मागच्या बाजूला दुसरी अक्षरं रंगवून घेतली. संशय आला की शांतपणे उठायचे आणि बोर्ड उलटा टांगायचे. बाकावरचे सगळे पोपट गप्प.

आपण दोघं तर पुढच्या बाजूचं गाणंच करून बसलो होतो. "ग, रत, लपन, मदसब." लपाछपीत राज्य कोणावर हे ठरवायला तू तेच म्हणायचास. बाबा वैतागायचे, या पोरांचे डोळे तपासायचे तरी कसे! आणि आई? लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी तो बोर्ड पुसत होती, दिवसभर स्वयंपाकघरात ती अक्षरं ऐकत होती. झोपेतून उठवून विचार, शेवटची बारीक ओळसुद्धा न अडखळता म्हणेल.

आता त्या रविवारचं. तू आईला व्यासपीठावर उभं केलंस, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीस आणि बोर्ड घेऊन सभागृहाच्या थेट मागच्या भिंतीपर्यंत चालत गेलास. आईने डोळे उघडले. किती वेळ काहीच बोलली नाही. ऑर्गनवाल्या काकूंचं बोट एका सुरावर तसंच राहून गेलं होतं. आणि मग आई म्हणाली, "ग."

बारक्या, तुला एक सांगते, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तेव्हा पाठांतर वगैरे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या अंगावर काटा आला. "र, त," म्हणाली आणि मी रडायला लागले. मी दर रविवारी तुझ्या मंडळीत बसते, गाते, डोळे मिटते, पण माझ्या मनात कायम एक 'पण' असतो, हे तुला ठाऊक आहे. त्या दोन-तीन ओळींपुरता तो 'पण' नव्हता. मला वाटलं, आला. ज्याची आपण आयुष्यभर वाट बघितली तो खरंच या खोलीत आलाय. इतकी मी कधीच सुखात नव्हते.

सगळे आईकडे बघत होते. मी मागे वळून पाहिलं. का वळले, माहीत नाही. चष्मेवाल्याची मुलगी, सवयच ती. तू भिंतीपाशी बोर्ड दोन्ही हातांनी समोर ताणून धरला होतास, वरून फक्त तुझे केस दिसत होते. मला काय दिसलं ते मी लिहीत नाही. बोर्ड तुझ्याच हातात होता, तुला ठाऊक असणारच.

म्हणून मी आशीर्वादाच्या आधी उठून गेले. म्हणून दुकानाच्या दारात तू "आईला दिसायला लागलं तर तुझ्या पोटात दुखतंय" म्हणालास तेव्हा मी तुला ढोंगी म्हटलं. तो शब्द मी परत घेत नाही. ऑपरेशनला हो म्हणायला सांग तिला, मग बघू.

ताई


११ फेब्रुवारी

बारक्या,

हे पत्र टाकणार की नाही, माहीत नाही. लिहिल्याशिवाय मात्र चैन पडणार नाही.

तुझं उत्तर दुपारी आलं. या वेळी साधा कागद, कबुतर नाही. "आईला बोर्ड पाठ असेल. मलाही आहे. म्हणून तिला दिसलं नाही असं कसं ठरतं? मी तो हातभर अंतरावर डोळ्यांसमोर धरला होता. ती बोलत होती आणि मी एकेक अक्षर बघून पडताळत होतो. एकही चुकलं नाही. तू मला काहीही म्हण, ताई, पण मी माझ्या डोळ्यांनी जे बघितलं ते खोटं म्हणू नकोस. तेवढ्यावरच मी उभा आहे."

मी ते वाचलं, घडी घातली, एका बाईंच्या चष्म्याची दांडी बसवून दिली, आणि मग एकदम माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला.

बाई गेल्यावर मी औषधवाल्याचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं. गिऱ्हाइकाला फ्रेम कशी दिसते ते दाखवायचा मोठा आरसा आहे ना आपला, त्याच्यासमोर उभी राहिले. तू धरला होतास तसं कॅलेंडर दोन्ही हातांनी समोर ताणून धरलं. माझ्याकडे महिन्याच्या तारखा होत्या. बाजूने डोकावून आरशात पाहिलं. आरशात खोकल्याच्या औषधाची बाटली होती. मागच्या पानावरची जाहिरात.

बारक्या, त्या रविवारी मी वळून पाहिलं तेव्हा बोर्डावर सगळ्यात वर भलामोठा 'ह' होता. मागची बाजू मंडळीकडे होती. आई म्हणत होती ती पुढच्या बाजूची अक्षरं. ती बाजू तुझ्याकडे होती.

बोर्ड दुकानाच्या भिंतीवरून काढलास, फडक्यात गुंडाळलास, तिथे घाईने सोडलास आणि धरलास. उलटा. आई म्हणाली "ग", तुझ्या नाकासमोर 'ग'. आई म्हणाली "र, त", तुझ्यासमोर 'र, त'. आपल्याला जे दिसतंय तेच समोरच्याला दिसतंय, असं वाटतंच माणसाला. त्यात तुझ्या डोळ्यांत पाणी असणार. तू खरंच पडताळत होतास! एवढे दिवस मी समजत होते की तू आणि आईने मिळून सगळ्यांना बनवलं. तू ढोंगी नाहीस. गाढव आहेस, पण ढोंगी नाहीस. तो शब्द परत घेते.

आणि आता माझी पंचाईत झाली. ढोंग्याला सुनावणं सोपं असतं. तुला मी काय सुनावू?

आईशी बोलले मी. आधीच बोलायला हवं होतं, पण धीर होत नव्हता. परवापासून तिचा डोळा लाल झालाय आणि डोकं फुटल्यासारखं दुखतं. डॉक्टरीणबाईंना मी चष्मा दुरुस्तीच्या नावाखाली दुकानात बोलावलं आणि चहाला वर नेलं. त्यांनी चहा पिता पिता आईचा डोळा पाहिला आणि खाली येऊन मला म्हणाल्या, "पिकून आता आतला दाब वाढायला लागलाय. हे थेंब घाला, पण थेंबांनी भागणार नाही. लवकर करा. आतली नस एकदा गेली की मग मी ऑपरेशन केलं तरी दिसायचं नाही." थेंब मी डोळा धुवायचं पाणी म्हणून घालते. आईला समजतं. मला समजतं की तिला समजतं.

आज थेंब घालताना मी विचारलं, "आई, तू का म्हणालीस ती अक्षरं?"

ती मान मागे टाकून पडली होती. थेंब कानापर्यंत ओघळला.

"सुताराची बायको गेली ना," ती म्हणाली, "तेव्हापासून पोरगा सरळ झोपला नाही. तिच्या उशाशी रात्रंदिवस बसून प्रार्थना केली त्याने. तुझ्यादेखत सुताराला शब्द दिला होता, ती उठेल म्हणून. ती गेली. मग एक दिवस इथे आला, या माझ्या मांडीत डोकं खुपसून रडला. म्हणाला, आई, मला वर कोणी ऐकतच नाहीये. एक खूण मागतो, एकच. ती मिळाली नाही तर मी हे सोडतो. उगाच लोकांना फसवत फिरणार नाही."

"म्हणून तू ठरवून..."

"ठरवून नाही गं!" ती उठूनच बसली. "शपथ नाही घेत, पण ठरवून नाही. मला वाटलं होतं, दिसेल. त्याने हात ठेवला तेव्हा इतकं ऊन ऊन वाटलं डोक्याला. डोळे उघडले तर नुसता उजेड. रोजचाच. सगळे थांबलेले. आणि तिकडे लांब, माझं पोर श्वास धरून उभं होतं. मला दिसत नव्हतं, पण मला माहीत होतं. मी म्हटलं, देवा, अजून एक घटका थांबते. थांबले. मग तोंडातून आपोआप आलं."

मी तिच्या कानावरचा थेंब पुसला.

"त्याला सांगू नकोस," म्हणाली. "एका डोळ्याने माझं निभलंय एवढी वर्षं. आता त्याच्यावाचूनही निभेल. त्याचं नाही निभायचं."

खाली येऊन मी दुकानाची सगळी कपाटं पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली. तुला सांगितलं तर तुझ्या पायाखालचं जातं. नाही सांगितलं तर तिचा डोळा जातो. आणि तिला ते चालणार आहे! मला चालत नाही. मला राग येतो तिचा, तुझा, आणि खरं सांगायचं तर त्याचाही, ज्याने त्या घटकेत काहीच केलं नाही. ती थांबली होती रे. त्याच्यासाठी थांबली होती.

तरी त्या दोन-तीन ओळी मला परत हव्यात. हे कोणाला सांगू?


१३ फेब्रुवारी

बारक्या,

आधीच्या पत्रात मी तुला एक शब्द लिहिला होता, तो परत घेते. का, ते विचारू नकोस. आता तुला कळेल.

तू जिथे उतरला असशील तिथे अंगभर आरसा शोध. पाहुण्यांच्या खोलीत असतोच कपाटाला. दार लावून घे. बोर्ड त्या रविवारी धरलास तसाच धर, दोन्ही हातांनी, समोर ताणून, पुढची बाजू तुझ्याकडे. 'ग' तुला दिसला पाहिजे. मग मान बाजूला काढून आरशात बघ. अक्षरं उलटी दिसतील, पण चष्मेवाल्याच्या मुलाला ती वाचता येतात.

मी तुझ्याशी भांडायला हे सांगत नाहीये. आईचा डोळा दुखतोय आणि दिवस हातातून चाललेत. तिने माझ्याकडून शब्द मागितला की तुला सांगायचं नाही. मी शब्द दिला नाही, पण नाहीही म्हटलं नाही, म्हणून सांगत नाही. बघ म्हणते.

बघून झाल्यावर लगेच कोणाला काही बोलू नकोस. थोडा बस. पाणी पी. आणि मग तिला फोन कर.

ताई


२१ फेब्रुवारी, हॉस्पिटलच्या बाकावरून

बारक्या,

आत नेलंय तिला. मी बाहेर आहे. बाक आपल्या दुकानातल्या बाकासारखाच आहे, म्हणजे बसवत नाही असा. शेजारच्या खोलीत डोळे तपासतात, दार नीट लागत नाही, आतलं सगळं ऐकू येतं. सकाळपासून आम्ही इथेच होतो.

तुझा फोन आला तेव्हा मी जिन्यात होते. आत आले नाही. मला फक्त आईचं ऐकू येत होतं. "हं." "हं." मग "कोणी सांगितलं?" मग "नको रे असं बोलू." मग "जेवलास का?" फोन ठेवून ती भिंतीला हात लावत बाहेर आली आणि बरोबर माझ्या दिशेने तोंड करून म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना विचार कधी येऊ." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. चहा दिला तर घेते, कपाचा कान मी तिच्या हातात देते, पण बोलत नाही. तू काय म्हणालास तेही सांगत नाही. काल थेंब घालताना एवढंच म्हणाली, तेही मला नाही, छताला, "या वेळी रडला नाही पोरगा."

बोर्ड परत आला, तुझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला. आत चिठ्ठी असेल म्हणून मी स्वेटरच्या बाह्याही उलट्या करून पाहिल्या. नव्हती. ऑर्गनवाल्या काकू विचारत होत्या की तुझे पुढचे कार्यक्रम रद्द झाले ते खरं का. मी म्हटलं, तब्येत बरी नसेल. तू आहेस कुठे? जेवतोस ना?

डॉक्टरीणबाईंनी आत जाताना मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "उशीर झालाय, कबूल करून ठेवा. मोतीबिंदू मी काढीन. मागे काय उरलंय ते पट्टी सोडल्यावरच कळेल." मी विचारलं, किती आशा धरू? त्या म्हणाल्या, "ते मी कसं सांगू?" तुझ्याकडे असतं बघ याचं उत्तर नेहमी. आज मलाही ते चाललं असतं.

मी प्रार्थना करून पाहिली. नीट जमली नाही. खूण नको, असं म्हटलं. मग म्हटलं, दिसू दे. मग माझ्या लक्षात आलं की ती खूणच झाली. मग मी उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. अजून तेच चाललंय.

दार उघडलं. ठेवते.

ताई


२२ फेब्रुवारी

बारक्या,

आज पट्टी सोडली.

त्या डोळे तपासायच्या खोलीत, खुर्चीत बसवलं तिला. डॉक्टरीणबाईंनी डोळा पुसला, उघडा म्हणाल्या. आईने उघडला. तो रविवार आणि हा दिवस, मला काही फरकच कळेना. तशीच गप्प बसली. समोरच्या भिंतीवर त्यांचा बोर्ड होता, आत दिवा लागणारा. "वाचा बघू काय दिसतं ते."

आईने पहिलं अक्षर सांगितलं. बरोबर. दुसरी ओळ सांगितली, सलग, न थांबता. बरोबर. डॉक्टरीणबाई हसल्या. आणि बारक्या, मला बाहेरचा बाक आठवला. काल आम्ही त्या बाकावर सकाळपासून बसलो होतो. दार लागत नव्हतं. आत एकामागून एक लोक हाच बोर्ड मोठ्याने वाचत होते आणि ती माझ्याशी न बोलता, मान खाली घालून, सगळं ऐकत होती. ही बाई लग्न झाल्यापासून हेच करत आलीये! मला वाटलं, ही पुन्हा म्हणते आहे. काही दिसत नाहीये आणि आता माझ्यासाठी म्हणते आहे. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. उठून तो बोर्ड उलटा करावा असं वाटलं, पण तो भिंतीत बसवलेला.

तिसऱ्या ओळीत ती चुकली.

'ब' होता, ती 'व' म्हणाली. थांबली. मान पुढे काढली, अशी, कासवासारखी. डोळा बारीक केला. "थांबा थांबा," म्हणाली, "पोटात रेघ आहे त्याच्या. ब. ब आहे तो." पुढचं अक्षर तिला आलंच नाही. "हे काहीतरी गिचमिड आहे, मला नाही दिसत," म्हणाली.

मला नाही दिसत, म्हणाली! तू काय समजायचं ते समज, पाठ म्हणणाऱ्याच्या तोंडी हे येत नाही. बाबांच्या बाकावरचा एक तरी पोपट कधी असा अडला होता का, आठवून बघ. मी "आमेन" म्हटलं. मोठ्याने. डॉक्टरीणबाई एवढ्या दचकल्या की हातातला टॉर्च पडला. मी खुर्ची धरून तिथेच रडत बसले, आणि या वेळी मागे वळून पाहावंसं वाटलं नाही.

आईने आवाजाकडे तोंड वळवलं. माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं, वरून खाली. पहिलं वाक्य काय बोलली असेल माझ्याशी इतक्या दिवसांनी? "अगं, केस किती पांढरे झाले तुझे! मला सांगितलं का नाहीस?"

डॉक्टरीणबाई म्हणतात, कडेचं थोडं गेलंय, ते येणार नाही. मधलं आहे, आणि थेंब कायमचे. महिन्याभराने चष्म्याचा नंबर काढू. आईने तिथल्या तिथे सांगून टाकलं की फ्रेम बारक्या निवडेल, हिची आवड बाबांवर गेलीये. मंडळीसमोर जे सांगायचं ते मीच उभी राहून सांगेन, असंही म्हणते. मी म्हटलं, ते तुझं आणि बारक्याचं तुम्ही बघा, मला मध्ये ओढू नका. मग गाडीत बसल्यावर दर पाटी वाचत आली. निम्म्या चुकीच्या.

सोबत एक पत्र घातलंय. अकरा तारखेचं, न टाकलेलं. त्यात आईचं जे बोलणं आहे ते वाच. ती त्या दिवशी थांबली होती, तेवढं तुला कळायला हवं. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही. तुला कळलं तर मला सांग, आणि नाही कळलं तरी सांग. तुझ्यावर कोणी रागावलेलं नाही. सुतार दुकानात येऊन तुझी चौकशी करून गेला.

बोर्ड जागेवर टांगलाय. आई घरी आल्यापासून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली आहे. मी विचारलं, पाठ आहे ना सगळा, मग काय बघतेस? म्हणाली, "ही मागची बाजू आहे. ही मला येत नाही."

ये आता. चष्म्याची फ्रेम निवडायची आहे.

ताई